उभ्या चक्कीचं बिल

वारा पडला तो नाताळानंतर. सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही, कारण आमच्या मोतुलाही बेटावर गरमीच्या दिवसांत वारा पडतोच. पण या खेपेला तो असा पडला की नारळाची झावळी हलेना, समुद्र तेल ओतल्यासारखा चकचकीत, आणि पूर्वेच्या टेकाडावरच्या दोन्ही पवनचक्क्या हात पसरून नुसत्या उभ्या. डुकरं सावलीतून उठेनात. पुरुषमंडळीही उठली नसती, पण त्यांना उठवायला घरोघरी बायका होत्या.

केलेपीला मात्र कोणी उठवावं लागत नसे. गावच्या वीज सोसायटीचं डिझेल इंजिन चालवणं हे त्याचं काम. पत्र्याच्या खोपटात ते इंजिन आणि बाजूला तेलाची पिंपं. सकाळी जाऊन तो पिंपात काठी बुडवायचा, बाहेर काढून उन्हात धरायचा, ओल कुठवर चढली आहे ते बघायचा आणि काठी विजारीला पुसून कोपऱ्यात ठेवायचा. मी त्याचा शेजारी. आमच्या दोन घरांत एक नीरफणसाचं झाड तेवढं आडवं.

"किती आहे रे?" मी कुंपणावरून विचारायचो.

"आहे," तो म्हणायचा. त्यावरून समजायचं की फार नाही.

तेल संपलं तर दिवे जातील, मासळी सडेल, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण केलेपीला घोर होता तो दुसऱ्याच कारणाचा. त्याच्या घरात त्याची आत्या होती, फिफिता. सत्तरी ओलांडलेली, एके काळी दोन पोती खोबरं पाठीवर घेऊन चालणारी बाई. आता फुफ्फुसांनी साथ सोडली होती. ऑकलंडच्या नातेवाइकांनी तिला एक यंत्र पाठवलं होतं. ते विजेवर चालायचं, हवेतला प्राणवायू गाळून नळीनं तिच्या नाकाशी आणून द्यायचं. वीज गेली की थोड्याच वेळात आत्याचे ओठ जांभळे पडायला लागत. अडीअडचणीला प्राणवायूची एक लोखंडी बाटली होती, ती काही तास पुरायची.

डॉक्टर म्हणाला होता, मोठ्या बेटावर इस्पितळात येऊन राहा. आत्यानं त्यालाच विचारलं, "तिथं मला पुरणार कुठं? माझ्या भावाशेजारी जागा राखून ठेवली आहे मी. मी मरेन ती घरी. तू येणार असशील तर ये, चांगलं जेवायला मिळेल."

आता आमच्यात आत्या म्हणजे काय चीज असते ते सांगायला हवं. ती बापापेक्षा मोठी. भाच्याच्या घरातली कुठलीही वस्तू तिनं मागावी आणि भाच्यानं मान खाली घालून द्यावी. तिला नाही म्हणायची रीतच नाही. फिफिता आत्यानं हा हक्क आयुष्यभर अगदी पोटभर वापरला होता. थोरला भाचा सितिवेनी, त्याची गाभण डुकरीण तिनं नेली होती. धाकट्या केलेपीचा नवा रेडिओ तिनं नेला आणि तो बिघडल्यावर दुरुस्त करायला त्याच्याचकडे आणून दिला. दोघं भाऊ आपसात कुरकुरायचे, पण तिच्यावर जीव टाकायचे. त्यांची आई लवकर गेली होती आणि दोघांना आत्यानंच वाढवलं होतं.

आणि या पवनचक्क्या आल्या कुठून म्हणाल, तर आमच्या चांगुलपणातून. तीन वर्षांपूर्वी ब्रिस्बेनच्या एका खाजगी कंपनीचा माणूस आला, रसेल नावाचा. पिठाची पोती आणि मांसाचे डबे घेऊन आला, आमच्याबरोबर मांडी घालून कावा, म्हणजे आमचं मुळ्यांचं नशेचं पेय, प्यायला बसला, पाय बधिर होईपर्यंत बसला. तो म्हणाला, चक्क्या आम्ही आमच्या खर्चानं उभ्या करतो. वारा जेवढी वीज देईल तेवढी सगळी तुमच्या सोसायटीनं घ्यायची, एवढंच.

आमच्यासमोर पाहुण्यानं अख्खं डुक्कर आणून ठेवलं, तर 'आम्हाला एक तंगडी पुरे, बाकीचं परत न्या' असं म्हणणारा माणूस या बेटावर जन्माला आलेला नाही. दिलेलं सगळं घ्यायचं, नाहीतर देणाऱ्याचं तोंड उतरतं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सितिवेनी सोसायटीचा अध्यक्ष, त्यानं सही केली. सगळं आपल्याच्यानं खाऊन होईल का, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. उलट वरून आम्हीच त्याला एक डुक्कर दिलं.

मग थंडीचे वारे सुटले. चक्क्या दिवसरात्र गरगरल्या आणि गाव आपलं अंधार पडला की झोपणारं. एवढी वीज घालायची कुठं? घेतली नाही तरी पैसे द्यायचे, असं करारात होतं. तारांना भार सोसेनासा झाला की केलेपी कंपनीला फोन करून चक्क्या थांबवायला सांगायचा. मग चालल्या असत्या तर जेवढी वीज झाली असती तिचंही बिल यायचं. "उभ्या चक्कीचं बिल!" केलेपी कपाळावर हात मारून घ्यायचा. शिवाय वाऱ्याची वीज सरळ चालत नाही, तिचा हात धरायला इंजिन मंद का होईना चालूच ठेवावं लागायचं, म्हणजे तेलही वाचलं नाही. त्यात बिल ऑस्ट्रेलियाच्या डॉलरांत. आमचं चलन पांगा, त्याचा भाव उतरला की बिल आपोआप फुगायचं. तेलासाठी राखलेले पैसे असे बहुतेक वाऱ्यावर गेले, आणि आता वाराच नव्हता.

केलेपीची बायको लोसेली घरोघर हिंडली. इंजिनावरचा भार कमी झाला तर तेल कमी जळेल, म्हणून प्रत्येकानं आपला फ्रीज बंद ठेवावा, असं तिला सांगायचं होतं. सांगायचं कसलं, मागायचंच होतं. आमच्याकडे माणूस दारात आला की आधी 'ये, जेव' म्हणतात. त्या दिवशी दोन घरांत तिला कोणी तसं म्हटलं नाही. आने नावाच्या एका कोळणीच्या दारात ती घामानं निथळत उभी होती आणि आने आतूनच म्हणाली, "आत्याच्या नाकात हवा जावी म्हणून मी माझी मासळी सडवू होय? माझा नवरा पहाटे जाळं टाकतो तो कशासाठी?"

"बरोबर आहे तुझं," लोसेली म्हणाली.

"बरोबर आहे ना? मग?"

"मग काही नाही. सांगायला आले होते."

ती वळली. मी ओट्यावरून बघत होतो. तिची मान इतकी खाली गेली होती की मला धावत जाऊन तिला काहीतरी गोड बोलावंसं वाटलं, पण मी ओट्यावरच बसून राहिलो. तासाभरानं आनेची पोरगी भलंमोठं भांडं घेऊन केलेपीच्या घरी गेली. सगळी मासळी आनेनं नारळाच्या दुधात शिजवून टाकली होती. फ्रीज बंद होता. भांडं देऊन पोरगी म्हणाली, "आईनं सांगितलंय की अजून ती रागावलेलीच आहे."

आत्याला हे कसं कळलं कोण जाणे. तिनं मासळी चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, "आनेला मीठ कळत नाही." लोसेली तिला झावळीच्या पंख्यानं वारा घालत होती. तिनं लोसेलीचा हात धरून थांबवला. "पुरे. तुझाही हात दुखत असेल."

लोसेली मला नंतर म्हणाली, "मी घाबरलेच. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझा हात दिसला."

आठवड्याच्या सुरुवातीला सितिवेनी आला. मागच्या दारानं. केलेपी नारळ सोलत होता, मीही तिथंच बसलो होतो.

"गुरुवारी बोट येते आहे," सितिवेनी म्हणाला. "रसेल आहे तीवर."

"आणि तेल?"

सितिवेनीनं खाली पडलेली नारळाची शेंडी उचलली आणि तिचे धागे ओढत राहिला. "सोसायटीच्या पेटीत आहेत ते पैसे त्याला द्यावे लागतील. करारच तसा आहे. आधी त्याचे, उरले तर तेलाचे."

"उरतील?"

"नाही."

केलेपीनं पुढचा नारळ पहारेवर इतक्या जोरात मारला की पाणी उडून आमच्या अंगावर आलं. "त्याला नाही म्हण."

"घरी आलेल्या पाहुण्याला? गुरुवारी माझ्या पोरीचा पहिला वाढदिवस आहे. तो माझ्या पानावर बसणार आणि मी त्याला नाही म्हणू? आपल्या बापानं तरी कधी कोणाला नाही म्हटलं होतं का?"

"मग आत्याचं काय?"

सितिवेनीचा आवाज खाली आला. "त्याच बोटीनं तिला मोठ्या बेटावर पाठवू. इस्पितळात."

"तिथं ती आठ दिवस जगायची नाही. खंगून मरेल."

"इथं तेल संपल्यावर एक दिवस तरी जगेल का?"

"तू सांग तिला. थोरला आहेस."

"तू सांग. तुझ्या घरात राहते."

दोघंही हलले नाहीत. हे दोघं टोणगे, एकानं वीस माणसांच्या सभा चालवलेल्या, दुसऱ्यानं इंजिनाचा पट्टा तुटून छातीवर बसला तरी हूं न केलेला, आणि आत्याला एक वाक्य सांगायचं तर दोघांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात आतून आवाज आला.

"कमी आहे तो श्वास. कान दोन्ही शाबूत आहेत."

सितिवेनीनं हातातली शेंडी खाली टाकली.

"लोसेली," आत्या आत म्हणत होती, "गुरुवारी माझे केस नीट बांध. पोरीचा वाढदिवस आहे. आणि तुझं ते झालं का?"

ते म्हणजे चटई. लोसेलीनं केवड्याची पानं समुद्रात भिजवून, उन्हात पांढरी करून, नखाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या काढून एक चटई विणली होती. वर्षापेक्षा जास्त लागलं होतं. हातात घेतली तर कापडासारखी घडी पडायची. वाढदिवसाला सर्वांत मोठा मान बाळाच्या आत्याचा, पण सितिवेनीला बहीण नव्हती, म्हणून तो मान फिफिता आत्याकडे जाणार होता. चटई तिलाच मिळणार होती. आत्याला त्याच चटईत गुंडाळून मातीत ठेवायचं हेही ठरलेलं होतं. दोघी त्याबद्दल अगदी सहज बोलायच्या, नव्या कपड्यांबद्दल बोलावं तशा.

गुरुवारी सितिवेनीच्या अंगणात जमिनीतली भट्टी पेटली. तापलेल्या दगडांवर कोनफळं आणि अळूचे कंद, त्यांवर अळूच्या पानांत बांधलेलं मांस, वरून केळीची पानं आणि माती. तीन डुकरं वेगळी शेकत होती. ज्याला द्यायला पैसे नाहीत त्या सावकारासाठी असा थाट फक्त आम्हीच करू शकतो. रसेल आला. बिचारा उन्हानं लाल झालेला, बोटीत ओकून ओकून अर्धा झालेला. सगळ्यांच्या हातात हात देत फिरला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

आत्याला आणायला गाडी कुठली? केलेपीनं हातगाड्यात गादी घातली, तीवर आत्याला बसवलं, शेजारी ती लोखंडी बाटली. केस तेल लावून घट्ट बांधलेले. अंगणात गाडा शिरला तसे सगळे खाली बसले. तिच्यापेक्षा उंच कोणी राहायचं नाही, अशी आमची रीत. रसेलही गडबडीत खाली बसला.

लोसेली पुढे आली. गुडघ्यांवर सरकत तिनं घडी केलेली चटई आत्यासमोर ठेवली आणि उलगडली. बायकांच्या तोंडून आपोआप 'अहा' निघालं. आत्यानं चटईवर हात ठेवला. अंगठ्यानं ती विणीवरून कडेपर्यंत गेली आणि परत आली. मग तिनं हात काढून घेतला.

"नको," ती म्हणाली.

भट्टीवरची माती काढणाऱ्या माणसाचं फावडं हवेतच राहिलं. लोसेलीला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. "आत्या, ही तुमची आहे."

"ऐकलं मी. नको. पुरे झालं." आत्या थांबली. प्रत्येक दोन शब्दांनंतर तिला थांबावं लागत होतं आणि आम्हालाही तिच्याबरोबर श्वास धरून बसावं लागत होतं. "जन्मभर घेत आले. डुकरीण घेतली. रेडिओ घेतला. कोणी नाही म्हणालं नाही. मीही कधी पुरे म्हणाले नाही. लाज वाटायची पुरे म्हणायला. आज म्हणाले. काही झालं का? आभाळ पडलं का?"

तिनं थोरल्या भाच्याकडे मान वळवली.

"सितिवेनी."

"आत्या."

"मला म्हणता आलं. आता तू म्हण."

सितिवेनी घामानं भिजला होता. त्यानं रसेलकडे बघितलं, मग जमिनीकडे. मी देवाशपथ सांगतो, तो तिथून पळून गेला असता तर मी त्याला दोष दिला नसता.

"रसेल," तो जमिनीकडे बघतच म्हणाला, "तुम्ही जेवून घ्या. पण या खेपेला पैसे मिळणार नाहीत."

रसेलला आधी कळलंच नाही. "सितिवेनी, आपला करार आहे."

"आहे. सही माझी आहे. जेवढी वीज आम्ही वापरली तिचे देऊ, थोडे थोडे करून सगळे देऊ. जी वापरली नाही, आणि जी झालीच नाही, तिचे नाही देता येणार. आणि आधी तेल."

"कंपनीनंही बँकेकडून पैसे घेतलेत हो. तिला काय सांगू? मी नोकर माणूस आहे. हे प्रकरण वकिलाकडे जाईल."

"जाऊ द्या. वकील आले तर त्यांनाही जेवायला घालू."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले, रसेलही थोडासा हसला. सितिवेनी हसला नाही. त्यानं घरातून पैशांची पेटी आणली, सगळ्यांसमोर बोटीच्या तांडेलाच्या हातात दिली आणि म्हणाला, "सगळ्याचं डिझेल आण. पुढच्याच खेपेला." केलेपीनं जाऊन भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथंच ठेवून उभा राहिला.

पुढे वकिलांची पत्रं आली, अजूनही येतात. सितिवेनी प्रत्येकाला उत्तर पाठवतो. उभ्या चक्कीच्या बिलावर कंपनी अजून अडून आहे आणि आम्हीही. त्याचं काय व्हायचं ते होईल.

नाकारलेली वस्तू घरात परत जात नाही, म्हणून चटई त्या दिवशी पाहुण्याच्या मांडीवर गेली. रसेलला वाटलं, पैसे नाही म्हणाले तरी माणसं किती प्रेमळ. त्याचे डोळे पाणावले आणि चटई काखेत मारून तो बोटीवर गेला.

उन्हं कलताना आम्ही घरी निघालो. केलेपी गाडा ढकलत होता, मी बाटली सांभाळत होतो, लोसेली बरीच मागून येत होती. सगळ्या गावासमोर तिची वर्षाची मेहनत 'नको' होऊन बसली होती. आत्या का तसं बोलली हे तिलाही कळलं होतं, पण कळलं म्हणून दुखायचं थोडंच थांबतं?

"लोसेलीला पुढे बोलाव," आत्या म्हणाली.

लोसेली आली आणि खाली बघत गाड्याबरोबर चालू लागली.

"रागावलीस."

"नाही, आत्या."

"रागावलीस."

"हो," लोसेली म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं. "रागावले. सगळ्यांसमोर तुम्ही... मी दुसऱ्या कोणासाठी विणली होती का?"

केलेपीनं गाडा थांबवला. आत्यानं हात लांब केला आणि लोसेलीचा चेहरा आपल्याकडे ओढला. इतक्या वर्षांत तिनं सुनेला कधी असं जवळ घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मला हवी होती गं ती," आत्या म्हणाली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "फार हवी होती. हात लावला आणि वाटलं, मरू दे ते तेल. आता तो रसेल तीवर कुत्रं झोपवेल."

लोसेली रडता रडता हसली.

"दुसरी विणायला घे," आत्या म्हणाली.

"वर्ष लागेल, आत्या. जास्तच."

"लागू दे. होईपर्यंत मला थांबणं भाग आहे. बाजारच्या चटईत मी जाणार नाही, आधीच सांगून ठेवते."

लोसेलीनं बाहीनंच तोंड पुसलं. तिनं केलेपीला बाजूला सारलं, गाड्याचे दोन्ही दांडे स्वतःच्या हातात घेतले आणि गाडा पुढे ढकलला.

"मग मी सावकाश विणते," ती म्हणाली.